तुम्ही विचारलंत म्हणून: डिसेंबरात हिरोसाकीला जाऊन करायचं काय?

भारतातून येणारे पाहुणे आणि टोकियो-योकोहामात राहणारे आपले लोक, दोघांकडूनही हा प्रश्न दर वर्षी येतो. साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, एप्रिलअखेर, लाल पानं नोव्हेंबरच्या सुरुवातीला, बर्फाचे उत्सव फेब्रुवारीत. मग नोव्हेंबर अखेर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत जपानच्या उत्तर टोकाला जाण्यात काही अर्थ आहे का? तिकडे तर सगळं बंद असतं ना?

अर्थ आहे, आणि सगळं बंद नसतं. हाताशी एकच दिवस असेल तर आओमोरी प्रांतातलं हिरोसाकी गाठा, आणि बघण्याइतकाच खरेदीचा बेत ठेवून जा. या आठवड्यांत सफरचंदाचा नवा माल दुकानांत ओसंडत असतो. उरुशीकाम (लाखी वस्तू) आणि भरतकामाच्या दुकानांत गर्दी नसल्यामुळे दुकानदार वस्तू हातात देऊन नीट समजावतो. साकुराच्या आठवड्यात त्याला मान वर करायला फुरसत नसते.

काय सोडायचं ते आधी ठरवा. तोवादा सरोवर आणि ओइरासेचा झरा या दिवसांत यादीतून काढून टाका. सरोवरातल्या बोटी थांबलेल्या असतात, आओमोरीहून सरोवरापर्यंत जाणारी बससेवा नोव्हेंबरातच आटोपते, आणि हाक्कोदा डोंगरातला सुकायु ते याची हा रस्ता हिवाळाभर वाहनांना बंद असतो. इवाकी डोंगरावर चढणारा वळणांचा रस्ताही तसाच. नकाशावर अंतर थोडं दिसतं म्हणून लोक गाडी भाड्याने घेऊन निघतात आणि अडसर टाकलेल्या फाटकावरून परत फिरतात.

दुसरी अडचण सूर्याची. डिसेंबरच्या सुरुवातीला इथे दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि साडेचारला काळोख होतो. मुंबई-पुण्याच्या सवयीने जेवून, जरा टेकून, चारला फिरायला निघालात तर दिवस संपलेला असतो. म्हणून उघड्यावरचं सगळं दोनच्या आत उरकायचं आणि छपराखालचं त्यानंतर. वारही बघून घ्या. मंगळवार शक्यतो नकोच, कारण हिरोसाकीचं समकालीन कला संग्रहालय आणि आओमोरीचा फुरुकावा मासळी बाजार दोन्ही मंगळवारी बंद असतात.

टोकियोहून सकाळी साडेसहाच्या सुमाराची हायाबुसा ही शिनकान्सेन (बुलेट ट्रेन) धरली की दहाच्या आत शिन-आओमोरीला उतरता येतं. या गाडीत सगळ्या जागा आरक्षित असतात, त्यामुळे ऐन वेळी फलाटावर जाऊन बसू असं चालत नाही. एका बाजूचं भाडं सतरा हजार येनच्या वर जातं. रेल्वे पास घ्यायचा की सुटं तिकीट, हा हिशेब प्रवासाचे बाकीचे दिवस मांडूनच करा.  पुढे ओउ मार्गाच्या साध्या गाडीने हिरोसाकी पाऊण तासाच्या आत येतं, पण गाडी साधारण तासाला एक, त्यामुळे जोडगाडीची वेळ आधी बघूनच हायाबुसा निवडा. आओमोरी ते हिरोसाकी या पट्ट्यात २०२३ पासून सुईका (आधी पैसे भरून ठेवायचं रेल्वेचं कार्ड) चालतं. मात्र टोकियोत कार्ड लावून आत शिरायचं आणि इथे बाहेर पडायचं असं जमत नाही, दोन्ही विभाग वेगळे आहेत. सरळ हिरोसाकीपर्यंतचं कागदी तिकीट काढा.

साध्या गाडीबद्दल एक गोष्ट नवख्याला हमखास नडते. थंडीत डब्यातली ऊब जाऊ नये म्हणून दारं आपोआप उघडत नाहीत. दाराशेजारचं बटण दाबावं लागतं, आत शिरल्यावर पुन्हा दाबून दार लावायचं असतं. दार उघडण्याची वाट बघत फलाटावर उभं राहिलात तर गाडी निघून जाते.

स्टेशनवर मोठ्या पिशव्या लॉकरमध्ये टाका आणि बसने किल्ल्याच्या बागेकडे निघा. चालतही जाता येतं, सुमारे दोन किलोमीटर आहे, पण उजेड मोजका असल्याने बसच बरी. सुटी नाणी जवळ ठेवा. हिरोसाकीचा किल्ला १६११ सालचा. मूळचा पाच मजली मुख्य बुरुज १६२७ मध्ये वीज पडून जळाला, आताचा तीन मजली १८११ मध्ये पुरा झाला. जपानात असे जुने, अस्सल बुरुज बाराच उरलेत आणि तोहोकू, म्हणजे होन्शू बेटाच्या ईशान्य भागात, हा एकटाच. पायथ्याची दगडी भिंत फुगू लागली म्हणून २०१५ मध्ये सुमारे ४०० टनांचा हा बुरुज न मोडता, जसाच्या तसा उचलून ७० मीटर आत सरकवला होता. २४ नोव्हेंबर ते ३१ मार्च बुरुजाच्या आत जाता येत नाही, पण त्याच काळात आतल्या होनमारु आवाराचं तिकीटही नसतं. बाहेरून बघायला मनाई नाही, आणि माझ्या मते बघण्यासारखं बाहेरच जास्त आहे. होनमारुच्या पश्चिम कडेला जाऊन उभे राहा. ढग नसतील तर १६२५ मीटरचा इवाकी डोंगर एकटाच समोर येतो. डिसेंबरात तो बरेचदा झाकलेला असतो, त्यामुळे त्याच्यावर दिवस लावू नका.

बागेतल्या सुमारे २६०० साकुरांची निष्पर्ण खोडं याच वेळी नीट दिसतात. इथे साकुराची छाटणी सफरचंदाच्या बागेतल्या पद्धतीने होते, आणि १८८२ साली लावलेलं सोमेई-योशिनो जातीचं साकुराचं झाड अजून फुलतं त्याचं श्रेय त्या छाटणीला देतात. फांद्या कुठे कापल्या, नवा फुटवा कुठून काढला, हे फुलं असताना समजत नाही. छाटणी प्रत्यक्ष बघायची असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये या.

आता खरेदी. पहिला मान त्सुगारु-नुरीला, म्हणजे त्सुगारु या हिरोसाकीच्या भागातल्या उरुशीकामाला. उरुशी म्हणजे झाडाचा चीक, आणि ते झाड आपल्या बिब्बा, काजू, आंबा यांच्याच कुळातलं. हा चीक उन्हात वाळवत नाहीत. दमट, उबदार कपाटात ठेवला तरच तो घट्ट होतो. त्सुगारु-नुरीत लाकडावर रंगांचे थर चढवतात आणि मग घासून खालचे रंग वर काढतात, त्यामुळे एका वस्तूला दोन-तीन महिने सहज लागतात. चार जाती आहेत: कारा-नुरी, नानाको-नुरी, मोनशा-नुरी आणि निशिकी-नुरी. हातात घेऊन बघायची ती नानाको. ओल्या थरावर मोहरीसारखं तेलबियांचं बारीक बी पेरतात. प्रत्येक दाण्याभोवती उरुशी वर ओढली जाते. थर घट्ट झाला की बी खरवडून काढतात आणि मागे गोल कडी राहतात. वर दुसऱ्या रंगाचा थर देऊन सगळं सपाट घासलं की माशाच्या अंड्यांसारखी नक्षी उठते. बोट फिरवा, पृष्ठभाग गुळगुळीत लागला पाहिजे. कडी एकमेकांना खेटलेली, थोडी लहान-मोठी असतात. तोच आकार ठरावीक अंतरावर पुन्हा येत असेल तर ती छापलेली नक्कल समजा.

किमतीवरून ओळखण्यापेक्षा खालची पट्टी वाचा. जेवणाच्या लाखी भांड्यांवर लेप कशाचा आहे हे लिहिणं जपानी कायद्याने बंधनकारक आहे. 'उरुशी तोसो' असेल तर खरा चीक, 'उरेतान तोसो' असेल तर प्लास्टिकचा लेप. 'काश्यू' असं दिसलं तर तो काजूच्या टरफलाच्या तेलापासून केलेला रंग असतो, म्हणजे कोकण-गोव्यात ज्या टरफलांचे ढीग पडतात त्यांच्या तेलाचा. वाईट नसतो, पण उरुशीच्या किमतीला घेऊ नका. चिनी लिपी वाचता येत नसेल तर फोनचा कॅमेरा धरा किंवा दुकानदाराला 'होन-उरुशी देसु का?' (खरी उरुशी आहे का?) असं विचारा, तो खरं सांगतो. पहिल्या खरेदीला चॉपस्टिक किंवा छोटी बशी घ्या, वाडग्याची किंमत एकदम वर जाते. घरी मऊ स्पंजने धुऊन लगेच पुसायचं. मायक्रोवेव्ह, भांडी धुण्याचं यंत्र आणि खिडकीतलं ऊन, तिन्ही वर्ज्य. नव्या वस्तूला उग्र वास असेल तर काही दिवस तांदळाच्या डब्यात ठेवा, इथे तसंच करतात.

दुसरं कोगिन, म्हणजे इथलं भरतकाम. त्सुगारु संस्थानात शेतकऱ्यांना सुती कपडे घालायला बंदी होती, आणि या थंडीत विरळ विणीच्या तागासारख्या कापडातून वारा सरळ अंगाला लागायचा. म्हणून बायकांनी निळीत रंगवलेल्या त्या कापडाची भोकं पांढऱ्या सुती दोऱ्याने बुजवत आणली. उभे धागे मोजून, एक, तीन, पाच अशा विषम संख्येवरून टाका घेतला की तिरकस चौकटी आपोआप जुळतात. शेजारच्या नांबू भागातलं हिशिझाशी भरतकाम सम संख्येवर चालतं, त्यामुळे तिथली चौकट आडवी, पसरट येते. पिशवी किंवा पाकीट घेताना उलटी बाजू बघा. हाताच्या कामात मागे तीच नक्षी उलट रंगात दिसते आणि दोरा काठापासून काठापर्यंत सलग जातो. अस्तर लावून मागची बाजू झाकलेली असेल तर दुकानदाराला विचारायला संकोच करू नका.

बागेच्या दक्षिणेला चालत जाण्याजोग्या अंतरावर हिरोसाकी कोगिन संशोधन संस्था आहे. सोमवार ते शुक्रवार तिथलं काम बघता येतं आणि विकतही मिळतं. इमारत १९३२ ची, वास्तुविशारद माएकावा कुनिओ यांची पहिली. वेळ कमी पडला तर एक वेळ कला संग्रहालय सोडा, पण ही जागा सोडू नका.

सफरचंदांचं मात्र घाईत उरकू नका. जगभर गेलेली 'फुजी' जात शेजारच्या फुजिसाकी गावातली, संकर १९३९ चा, नाव १९६२ चं. 'सान फुजी' म्हणजे पिशवी न बांधता उन्हात वाढवलेली फुजी. ती नोव्हेंबरात उतरते आणि आता ऐन चवीला असते. पिशवी बांधून वाढवलेलं फळ जास्त लाल दिसतं आणि टिकतंही जास्त, पण गोडीला उन्हातलं सरस. आपण हापूस देठाशी हुंगतो, तसं हे फळ उलटं करून बुडाशी बघायचं: हिरवट छटा जाऊन पिवळसर आलेलं आणि हाताला जड. जोनागोल्ड जातीच्या सालीला तेलकट चकाकी दिसली तर मेण चोपडलंय असं समजू नका, ती फळाचीच असते. कापल्यावर गाभ्याभोवती अर्धपारदर्शक डाग दिसतो, त्याला इथे 'मित्सु' म्हणतात. फळ झाडावर पुरतं पिकल्याची ती खूण आहे, पण असं फळ साठवलं की आतून तपकिरी पडतं. आठवड्यात संपवा.

ताजी सफरचंदं भारतात नेऊ नका. परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावर काढून घेतात. पातळ वाळवलेल्या चकत्या आणि जॅम चालतं. रसाची काचेची बाटली सामानातच टाका, केबिनमध्ये १०० मिलिलिटरच्या वर द्रव नेता येत नाही. ॲपल पाय मात्र तिथेच खा. पर्यटन केंद्रात पायचा नकाशा मिळतो, त्यात प्रत्येक दुकानाच्या पायची गोडी, आंबटपणा आणि दालचिनी किती ते दिलेलं असतं. अंडं जवळजवळ सगळ्यांत असतं. शाकाहारींनी भाजीच्या सूपवर आणि सोबा नूडल्सवरही विसंबू नये, रस्सा माशाच्या दाशीचा, म्हणजे माशाच्या अर्काचा असतो. 'निकु मो साकाना मो ताबेमासेन, दाशी मो दामे देसु' (मांस आणि मासे खात नाही, दाशीही चालत नाही) एवढं सांगता आलं तर गैरसमज टळतात, पण डबा बरोबर ठेवणं अधिक खात्रीचं.

करमाफीसाठी एका दुकानात एका दिवसात कर वगळून ५००० येनची खरेदी लागते, आणि मूळ पासपोर्ट जवळ हवा. छोट्या कारागिरांकडे ही सोय बहुधा नसते, रोख पैसे ठेवा. १ नोव्हेंबर २०२६ पासून पद्धत बदलते: आधी करासकट पैसे भरायचे आणि देश सोडताना विमानतळावर तपासणी करून कर परत घ्यायचा. वस्तू त्या वेळी दाखवता यायला हव्यात, म्हणून त्या सामानाच्या तळाशी टाकू नका.

चारच्या सुमारास हिरोसाकी सोडा आणि शिन-आओमोरीला न उतरता पुढे आओमोरीपर्यंत जा. स्टेशनसमोरच्या वा-रास्से संग्रहालयात ऑगस्टमधल्या नेबुता उत्सवाचे रथ ठेवलेले असतात. हिवाळ्यात ते सहाला बंद होतं, शेवटचा प्रवेश साडेपाचला. उत्सवात हे रथ अंगावरून निघून जातात, इथे मात्र फूटभर अंतरावरून बघता येतात: तारेच्या सांगाड्यावर कागद, काळ्या शाईच्या रेषा, आणि मेण फिरवलेल्या जागी आतला दिवा जास्त उजळ पाझरतो. शेजारच्या ए-फॅक्टरी या बाजारात राहिलेली खरेदी करा. शिन-आओमोरी तिथून गाडीने पाच-सहा मिनिटांवर.

टोकियोची शेवटची हायाबुसा पावणेआठच्या सुमाराला असते, पण ती धरायचं ठरवू नका. बर्फाचा जोर वाढला की साध्या गाड्या रखडतात, म्हणून आधीच्या गाडीची जागा राखून ठेवा. बुटांना बर्फात लावायचे काढते खिळे घेतले असतील तर स्टेशनात शिरताना काढून पिशवीत टाका. फरशीवर तेच घसरतात.