बसलेला नंदी

आज सकाळी पोहे-जिलेबी खाऊन थेट महू रोडला, मामांच्या शेतावर. सोयाबीन निघालंय, रान मोकळं आहे, म्हणून जमिनीतला धातू शोधणारा मेटल डिटेक्टर घेऊन गेलो. पहिले दोन तास नुसतं भंगार: ट्रॅक्टरचे नट, बैलाची नाल, गुटख्याच्या पुड्यांची चंदेरी पन्नी (ही मशीनला फार आवडते!). मामी म्हणाल्या, "नांगरच धर, काही कामाचं तरी होईल."

मग जुन्या विहिरीच्या कडेला सलग, स्वच्छ आवाज. वीतभर खाली हिरवट चकती. अंगठ्याने माती सारली तर बसलेला नंदी! इंदूरच्या शिवाजीराव होळकरांच्या काळातलं तांब्याचं नाणं, म्हणजे 1886 ते 1903 मधलं. अक्षरं झिजलीत, साल लागत नाही, पण नंदीचं वशिंड बोटाला अजून जाणवतं.

घरी आल्यावर आई चिंच घेऊन घासायलाच बसत होती. हातातून हिसकावून घेतलं. तो हिरवा थर गेला की नाण्याची रयाच जाते.

आणि "हंडा कधी सापडणार" विचारणाऱ्यांनो, 1878 च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरचं गुप्तधन कलेक्टरला कळवावं लागतं. उद्या तिकडे चौकशीला जातोय. मामा सोबत येणार म्हणतात, विहीर त्यांची ना!