गरम पाण्याचे फेफरे, जनुके आणि घराण्यावरचा ठपका

डोक्यावर कढत पाण्याचे तांबे एकामागून एक ओतून घेत असताना काही माणसांची नजर एकाएकी थिजते, बोलणे असंबद्ध होते आणि कधी कधी सगळ्या अंगाला झटके येऊन ती मोरीतच कोसळतात. अशा रुग्णाची नोंद न्यूझीलंडमधून १९४५ साली झाली असली तरी हा विकार मोठ्या संख्येने आढळतो तो दक्षिण भारतात, आणि त्यातही आपल्याच कर्नाटक राज्याच्या दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. पी. सतीशचंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये अशा २७९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यावर इलाजही साधा आहे. पाणी कोमट घ्यावे, डोक्यावरून भसाभस ओतू नये, आणि तेवढ्याने भागले नाही तर डॉक्टरांच्या सल्ल्याने डोक्यावरून न्हाण्याच्या दिवशी आधी ठरावीक वेळेला क्लोबाझाम या औषधाची मात्रा घ्यावी.

मला या विषयाने धरून ठेवले ते मात्र पुढच्या प्रश्नाने. कढत पाण्याने न्हाणारी माणसे घरोघरी आहेत. मग फेफरे मोजक्यांनाच का येते, आणि ते काही घरांत पिढ्यान्‌पिढ्या का दिसते? बंगळूरच्या जक्कूर भागातील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात प्रा. अनुरंजन आनंद यांनी हाच प्रश्न जनुकांच्या अंगाने हाती घेतला. ज्या कुटुंबांत अनेक पिढ्यांमध्ये अनेकांना हा त्रास आहे अशी कुटुंबे त्यांच्या गटाने डॉ. सतीशचंद्र यांच्यासह अभ्यासासाठी निवडली, बाधित आणि निरोगी अशा दोन्ही नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने घेतले, आणि गुणसूत्रांवरच्या ठरावीक खुणांपैकी कोणत्या खुणा बाधित माणसांबरोबर सातत्याने पुढच्या पिढीत उतरतात हे पाहिले. २००९ मध्ये या पद्धतीने दोन जागा हाती आल्या: एका कुटुंबसमूहात दहाव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरचा एक पट्टा आणि दुसऱ्यात चौथ्या गुणसूत्रावरचा एक पट्टा. बाहेरून अगदी एकसारखा दिसणारा विकार दोन ठिकाणी दोन वेगळ्या कारणांनी उद्भवू शकतो, हे त्यातून समोर आले. अशा एकेका पट्ट्यात अनेक जनुके असतात, त्यामुळे पट्टा सापडणे म्हणजे दोषी जनुक सापडणे नव्हे. तिथून पुढे एकेका जनुकाची अक्षरे, म्हणजे त्याच्या डीएनएचा क्रम, वाचत जाण्याचे चिकाटीचे काम सुरू होते.

या संशोधनात मला सर्वांत मोलाची वाटते ती त्या कुटुंबांची तयारी. आपल्या भागात फिट येणाऱ्या मुलीचे नाव घराबाहेर निघू नये म्हणून काय काय केले जाते, हे मी जवळून पाहिले आहे. माझ्या मावसबहिणीला, आम्ही तिला अक्का म्हणतो, लहानपणी काही वर्षे फिट येत असत. औषधांनी त्या पूर्ण थांबल्या, औषधेही बंद झाली, आणि त्यानंतर बऱ्याच वर्षांनी निपाणीकडचे जमलेले लग्न केवळ ती जुनी गोष्ट कुणीतरी कानावर घातल्यामुळे मोडले. त्या वेळी एका डॉक्टरांनी दोन-चार प्रश्न विचारून ‘हे घराण्यातलेच आहे’ असे सांगून टाकले होते. कोणतीही तपासणी न करता उच्चारलेल्या त्या एका वाक्याने अक्काच्या धाकट्या बहिणींच्या स्थळांवरही सावट आले. कायदासुद्धा फार काळ याच वृत्तीचा होता. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने विवाहाच्या अटींमध्ये वेडाच्या झटक्यांच्या जोडीला अपस्मारही घातला गेला, आणि तो शब्द काढून टाकायला १९९९ साल उजाडावे लागले.

म्हणूनच जनुकांवरचे संशोधन घराण्याला दोष देण्याचे नवे साधन होईल, ही भीती मला समजते. पण प्रत्यक्षात त्या संशोधनाने नेमके उलट केले आहे, असे माझे ठाम मत आहे. १९९५ मध्ये, मुख्यतः झोपेत झटके येणाऱ्या एका ऑस्ट्रेलियन कुटुंबाच्या अभ्यासातून, अपस्माराशी जोडलेले पहिले जनुक सापडले. त्यानंतर शेकडो जनुके पुढे आली आणि एक गोष्ट वारंवार दिसली. लहान वयातल्या कित्येक तीव्र अपस्मारांत दोष आईकडून किंवा वडिलांकडून आलेलाच नसतो; बीजपेशी तयार होताना किंवा गर्भधारणेनंतर लगेच तो त्या बाळात पहिल्यांदाच घडलेला असतो. द्राव्हे सिंड्रोमचे उदाहरण घ्यावे. पहिल्या वर्षाच्या आत, बहुधा तापात, लांबलचक फिट येते आणि पुढे मुलाची वाढ मागे पडते. बहुतेक मुलांत याचे मूळ एससीएन१ए या जनुकात असते, हे २००१ पासून कळू लागले.

याच जनुकाची एक हकिगत मला प्रत्येक आईला सांगावीशी वाटते. डांग्या खोकल्याच्या लशीनंतर काही बाळांना फिट आल्या, मेंदूला इजा झाली, आणि लशीनेच हे झाले असे अनेक वर्षे मानले गेले. मेलबर्नच्या सॅम्युअल बर्कोविक यांच्या गटाने २००६ मध्ये अशा १४ जणांची जनुके तपासली, तेव्हा ११ जणांत एससीएन१ए मध्ये दोष आढळला. ताप लशीने आला असेल, पण आजार त्या मुलात आधीपासून होता. ‘मीच लस द्यायला नेले’ असे म्हणत आयुष्य काढणाऱ्या आईसाठी या निष्कर्षाचे मोल किती असेल, ते संशोधनपत्रिकेच्या पानावर मोजता येणार नाही.

कारण कळल्याने उपचारही बदलतो. एससीएन१ए जनुक मज्जापेशींच्या पडद्यातली सोडियमची एक वाहिनी घडवते. द्राव्हेमध्ये ती वाहिनी अपुरी पडते, आणि त्याचा फटका मुख्यतः मेंदूतली उत्तेजना आवरून धरणाऱ्या पेशींना बसतो. त्यामुळे कार्बामाझेपिन किंवा लॅमोट्रिजिन यांसारखी सोडियम वाहिन्या अडवणारी औषधे, जी इतर अनेक रुग्णांना उत्तम लागू पडतात, ती या मुलांचा त्रास वाढवू शकतात. उलट, एएलडीएच७ए१ या जनुकातल्या दोषामुळे नवजात बाळाला येणाऱ्या आणि नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या फिट बी६ जीवनसत्त्वाने आटोक्यात येतात.

आईवडिलांकडून येणारे प्रकारही अर्थातच आहेत, आणि आपल्याकडे त्यांचा विचार मामा-आत्याच्या मुलांमधल्या लग्नांचा उल्लेख टाळून करता येत नाही. बेळगाव, खानापूर, चिकोडी भागात मामाची मुलगी करण्याची रीत आहे आणि कानडी घरांत मामा-भाचीचे लग्नही होते. लाफोरासारख्या दुर्मीळ आजारात, जो किशोरवयात फिटने सुरू होऊन वाढत जातो, दोषी जनुकाची प्रत दोन्हीकडून यावी लागते. दोघेही निरोगी वाहक असतील, म्हणजे प्रत्येकाकडे दोषी प्रत एकच असेल, तर प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता २५ टक्के असते, आणि नात्यातल्या लग्नात दोघेही एकाच दोषाचे वाहक असण्याचा संभव वाढतो. मात्र फिट येणाऱ्या प्रत्येकाच्या मागे जनुक शोधू नये. फीतकृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत होणाऱ्या गाठी, जन्मताना प्राणवायू कमी पडणे आणि डोक्याला मार लागणे ही कारणे आपल्याकडे नेहमीची आहेत.

ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी तज्ज्ञांकडे जाण्यापूर्वी चार पिढ्यांचा वंशवृक्ष कागदावर काढून न्यावा, असे मी सुचवीन. पहिली फिट कोणत्या वयात आली, ताप होता का, न्हाताना आली का, झोपेत आली का, कोणते औषध चालले आणि कोणत्याने बिघडले, कोणाचे लग्न नात्यात झाले, हे सारे त्यात असावे. आपल्या सीमाभागात एक आत्या चंदगडला, दुसरी हुक्केरीला, आणि कागदपत्रे निम्मी मराठीत, निम्मी कानडीत अशी स्थिती असते. त्यामुळे कोणत्याही एका दवाखान्यात पूर्ण चित्र नसते, ते घरातल्या वयस्कर बायकांनाच ठाऊक असते. झटका येत असतानाचे मोबाइलवरचे चित्रणही जपून ठेवावे.

जनुकांच्या तपासणीच्या अहवालात एखाद्या बदलापुढे ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा आला तर घाबरू नये आणि अहवाल टाकूनही देऊ नये. जगातल्या जनुकीय माहितीत युरोपीय वंशाच्या लोकांचा भरणा असल्याने, आपल्यात सर्रास आढळणारा निरुपद्रवी बदल कोणता आणि घातक कोणता, हे ठरवणे अवघड जाते. जीनोम इंडिया प्रकल्पात देशभरातल्या दहा हजार लोकांचे जनुकसंच वाचून झाले असून त्यांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली आहे. म्हणून जुना अहवाल काही वर्षांनी पुन्हा तज्ज्ञांना दाखवावा. तेच अक्षर नव्या माहितीच्या आधारे वाचल्यावर उत्तर वेगळे निघू शकते.