तुम्ही विचारलंत म्हणून : उभ्या गाडीचे इंजिन मिसिंग का करते?

"तुमची गाडी इतकी कमी चालते, हिवाळाभर गॅरेजमध्ये कव्हरखाली असते, मग तिच्या इंजिनाने मिसिंग करायचे कारणच काय?" मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमधले (पेट्रोल जळते त्या नळकांड्यातले) पेट्रोल न पेटल्याने इंजिन अडखळत चालणे. मिशिगनमध्ये बर्फ वितळले की इथली मराठी मंडळी मला हे हमखास विचारतात, आणि ज्यांच्याकडे अशीच एखादी हौसेची गाडी आहे ते पुढे विचारतात की दुरुस्तीला हात कुठून घालायचा. उत्तर सविस्तर द्यावे असे बरेच दिवस मनात होते.

माझ्याकडे १९९७ सालची माझदा एमएक्स-५ आहे. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. दोन आसने, उघडता येणारे छत, चार सिलिंडरचे १.८ लिटरचे इंजिन आणि मागच्या चाकांना मिळणारी ताकद, एवढ्यात तिचे वर्णन संपते. रस्त्यांवर मीठ टाकायला सुरुवात झाली की ती आत जाते आणि वसंतातल्या पावसाने ते मीठ धुऊन गेल्यावरच बाहेर येते. पुढे ज्या तक्रारींविषयी लिहितो आहे त्या कोणा एका कंपनीच्या नाहीत. कोणतीही पेट्रोल गाडी फार काळ उभी राहिली की त्या उद्भवतात.

सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटण्यासाठी योग्य प्रमाणात हवा व पेट्रोल, पुरेसा दाब आणि नेमक्या क्षणी ठिणगी एवढे लागते. यातले एकही कमी पडले तर त्या सिलिंडरचा स्फोट हुकतो आणि आयडलिंगवर, म्हणजे गाडी जागेवर असताना इंजिन नुसते चालू असेल तेव्हा, सगळी गाडी थरथरू लागते. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांमधला संगणक क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) फिरण्यात पडणारा हा खंड ओळखतो आणि कोड नोंदवतो : पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०४ म्हणजे चौथा, आणि पी०३०० म्हणजे कोणताही एक ठरावीक नसलेला. चेक इंजिनचा दिवा नुसता लागला असेल तर सावकाश घरी जाता येते. तो उघडझाप करत असेल तर मात्र गाडी बाजूला घेऊन बंद करावी, कारण सिलिंडरमध्ये न जळलेले पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन जळते, तिथले तापमान भलतेच वाढते, आणि मग चार प्लगांच्या (ठिणगी पाडणाऱ्या भागांच्या) किमतीत भागणारे काम कित्येक पट महाग होऊन बसते.

उभ्या गाडीत सर्वांत आधी बिघडते ते पेट्रोल. त्यातले हलके, चटकन पेटणारे घटक उडून जातात, उरलेल्याचा हवेशी संयोग होऊन चिकट राळ तयार होते आणि ती पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या सूक्ष्म छिद्रांशी साचते. शिवाय इथल्या पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असते. इथेनॉल ओलावा शोषून घेते, आणि तो प्रमाणाबाहेर गेला की पाणी व इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात, जिथून पंप नेमके इंधन उचलतो. टाकी जितकी रिकामी तितकी आत हवा जास्त, म्हणून ओलावाही जास्त. पुण्यातले नातेवाईक पावसाळाभर उभ्या ठेवलेल्या गाडीविषयी विचारतात तेव्हा मी हेच सांगतो. तिथे तर आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते आणि हवाही दमट.

दुसरे कारण लोकांना पटवणे सर्वांत अवघड जाते. गाडी "जिवंत" राहावी म्हणून दर रविवारी जागेवरच पाच मिनिटे इंजिन चालू ठेवण्याची सवय अनेकांना आहे, आणि माझ्या मते उभ्या गाडीचे याहून मोठे नुकसान दुसरे कोणतेही नाही. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. गरम इंजिनात ते वाफ होऊन एक्झॉस्टमधून निघून जाते. थंड इंजिनात त्यातले काही सिलिंडरच्या भिंतींवर, काही ऑइलमध्ये आणि बरेचसे सायलेन्सरमध्ये राहते. थंड इंजिनाला संगणक पेट्रोलही जास्त पाजतो, त्यामुळे प्लगांवर काजळी धरते, आणि ती जाळून टाकण्याइतका प्लग तापण्याआधीच आपण किल्ली फिरवून मोकळे होतो. असे महिनोन्‌महिने चालले की एखाद्या प्लगची ठिणगी टोकांमधली फट ओलांडण्याऐवजी काजळीतून निसटू लागते. गाडी सुरू करायची तर ती रस्त्यावर न्यावी आणि ऑइल नीट तापेपर्यंत चालवावी. तेवढा वेळ नसेल तर किल्लीला हात लावू नये.

आता दुरुस्तीविषयी. मिसिंग दिसताच प्लग, वायरी, कॉइल (ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणारा भाग) आणि इंजेक्टर असे सगळे एकदम बदलण्याला माझा विरोध आहे. दोष कशात होता हे मग कधीच कळत नाही, आणि चांगले जुने भाग काढून त्यांच्या जागी स्वस्तातले नवे बसवले तर गाडी पहिल्यापेक्षा वाईट चालण्याचीही शक्यता असते. पहिला प्रश्न एकच असावा : कोणता सिलिंडर? कोड नसेल तर इंजिन आयडलिंगवर ठेवून इंजेक्टरांचे कनेक्टर एकेक करून काढावेत आणि परत लावावेत. जो काढल्यावर इंजिनाच्या आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. पूर्वी यासाठी चालू इंजिनावर प्लगच्या वायरी उपसत असत. तसे करू नये, त्यात जोरदार झटका बसतो आणि कॉइलही जाऊ शकते.

या पिढीच्या मियाटात चार सिलिंडरांना मिळून दोनच कॉइल आहेत. एक कॉइल पहिल्या व चौथ्या सिलिंडरला एकाच वेळी ठिणगी देते, दुसरी दुसऱ्या व तिसऱ्याला. जोडीतला एक सिलिंडर त्या क्षणी दाब पूर्ण करत असतो आणि दुसरा जळलेला वायू बाहेर टाकत असतो, त्यामुळे दुसरी ठिणगी वाया जाते. ही रचना शोध घेणाऱ्याच्या फार कामाची आहे. पहिला आणि चौथा दोन्ही मिसिंग करत असतील तर संशय कॉइलवर किंवा तिच्या कनेक्टरवर जातो. पहिला एकटाच करत असेल तर कॉइल बहुधा निर्दोष असते, आणि वायर, प्लग, इंजेक्टर किंवा दाब यांच्याकडे वळावे लागते. दहा मिनिटांच्या विचाराने अर्धे इंजिन संशयातून मोकळे होते, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

मग प्लग काढून चारही ओळीने मांडावेत. कोरडी काळी काजळी म्हणजे थंड इंजिनावरचे तेच आयडलिंग. पेट्रोलने ओला झालेला प्लग सांगतो की इंधन आले पण पेटले नाही. बाकीचे तपकिरी असताना एकच पांढरा, स्वच्छ दिसला तर तिथे पेट्रोलच पुरेसे पोचत नसावे. प्लग ज्या खोल विहिरींत बसतात तिथे ऑइल साचलेले दिसले तर वरच्या कव्हरचे गॅस्केट कडक झाले आहे. ते ऑइल वायरीच्या टोकाच्या रबरी टोपणाला खराब करते आणि ठिणगी बाजूने धातूकडे पळते. संशयित प्लग शेजारच्या सिलिंडरमध्ये लावून पाहावा. दोष त्याच्याबरोबर गेला तर शोध संपला. वायरींसाठी जुनी युक्ती अजून उत्तम आहे : अंधारात इंजिन चालू ठेवून, हात दूर ठेवून, वायरींवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारायचा. चिरलेल्या वायरीतून निळसर ठिणग्या उडताना स्पष्ट दिसतात. हिवाळ्यात उंदरांनी कुरतडलेल्या वायरी मात्र दिवसाउजेडी शोधाव्यात, आणि एअर फिल्टरचा डबाही उघडून पाहावा, कारण घरटे करायला त्यांना ती जागा फार आवडते.

ठिणगी ठीक असेल तर लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाशी धरून टिकटिक ऐकावी. टिकटिक नसेल तर कनेक्टर आणि इंजेक्टरचा विजेला होणारा रोध (रेझिस्टन्स) तपासावा. या इंजेक्टरांचा रोध साधारण १२ ते १६ ओहम असतो. टिकटिक आहे पण पेट्रोल नीट फवारले जात नाही, असे असेल तर आधी ताजे पेट्रोल आणि त्यात पॉलीइथरअमाइन (साचलेली राळ विरघळवणारे रसायन) असलेला क्लीनर घालून एक टाकी चालवावी, आणि तरीही फरक पडला नाही तरच इंजेक्टर काढून अल्ट्रासॉनिक यंत्रात स्वच्छ करून घ्यावेत.

दाबाची चाचणी शेवटी. इंजिन थांबते तेव्हा कुठल्या ना कुठल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह (हवा आत-बाहेर सोडणारी झडप) उघडा राहतो, तिथून दमट हवा आत जाते आणि व्हॉल्व्हच्या बैठकीवर किंवा भिंतीवर गंजाचा पातळ थर धरतो. त्या सिलिंडरचा दाब कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावा : वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांत, न वाढला तर व्हॉल्व्हमध्ये. पण बराच काळ उभ्या असलेल्या गाडीचा दाब लांबच्या, गरम फेरीनंतर सुधारलेला आढळतो, म्हणून इंजिन उघडण्याची घाई करू नये. या इंजिनाचे हायड्रॉलिक लिफ्टर (ऑइलच्या दाबावर व्हॉल्व्हची फट भरून काढणारे छोटे भाग) गाडी उभी राहिल्यावर ऑइल गळून रिकामे होतात आणि सुरुवातीला टकटक करतात. अनेक जण त्यालाच मिसिंग समजतात. ऑइल तापल्यावर तो आवाज सहसा जातो.

यंदा गाडी ठेवताना टाकी काठोकाठ भरा, त्यात स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारे द्रव्य) घाला आणि ते इंजेक्टरांपर्यंत पोचेल इतके अंतर चालवून या. ऑइल बदला. बॅटरी मागे डिकीत आहे, तिला मेंटेनर (बॅटरी हळूहळू भारित ठेवणारा चार्जर) लावा, कारण अशक्त बॅटरीवर ठिणगीही अशक्त पडते. वसंतातल्या पहिल्या फेरीला निदान अर्धा तास काढा. पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावर आला तरी ऑइल तोवर तापलेले नसते. त्या फेरीनंतरही थरथर राहिली तर कोड वाचून मला सिलिंडरचा क्रमांक कळवा, पुढचे आपण मिळून पाहू.