कुंद्याचा बॉक्स सोडवला तेव्हा

मंगळवार, रात्री

आठवीच्या चित्रकलेच्या तासाला आज रंगपेटी बाहेर काढू दिली नाही. घरातला एकेक रिकामा बॉक्स आणायला सांगितलं होतं. उदबत्तीचा, औषधाचा, साबणाचा. आणि बेळगाव म्हटल्यावर कुंद्याचे, म्हणजे इथल्या दुधाच्या मिठाईचे, तर सात निघाले.

"कसा वाटतो?" विचारलं. "छान आहे सर." पोरं इथंच थांबतात. चूक माझी आहे. चित्र कसं काढायचं ते सांगत आलो, छापलेलं कसं बघायचं ते कधी सांगितलंच नाही.

मग डिंकाचा जोड हळूच सोडवायला लावला. बॉक्स बाकावर सपाट पसरला. "सर, ही पट्टी तेवढी कोरीच आहे की!" कोरी का, यावर बराच वेळ गेला. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, शाईवर डिंक नीट धरणार नाही म्हणून. अगदी बरोबर! तिच्याच पट्टीच्या कडेला चार बारीक ठिपके सापडले: निळा, गुलाबी, पिवळा, काळा. या चारच शायांतून कुंद्याचा तो तपकिरी रंग छापलाय म्हटल्यावर भिंगासाठी झुंबड उडाली.

बॉक्सवर कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्ही. कन्नडची बरीच जोडाक्षरं खाली उतरतात, आपली वेलांटी वर चढते. म्हणून ओळींमधली जागा जपावी लागते. दोन्ही लिप्या रोज लिहिणाऱ्या आमच्या पोरांना हे चटकन कळलं.

शेवटी शाकाहारी-मांसाहारी खुणा. माझ्या जुन्या वेष्टनांच्या खोक्यातलं एक पाकीट काढलं, त्यावर मांसाहाराचा तपकिरी गोल. शेजारी कुंद्याचा हिरवा गोल. एक मुलगा म्हणाला, "दोन्ही एकसारखेच की, सर." वर्ग हसला. तो खरंच गोंधळला होता. 2020 च्या लेबलांच्या नियमांत मांसाहाराचा गोल जाऊन त्रिकोण आला, तो हिरवा-तपकिरी वेगळा न दिसणाऱ्या अशाच डोळ्यांसाठी. नव्या पाकिटावरचा त्रिकोण त्याने लगेच ओळखला.

याच मुलाने गेल्या वर्षी झाडाचं खोड हिरवं रंगवलं होतं. सगळ्यांसमोर मी त्याला ओरडलो होतो. आज तास संपल्यावर त्याला जवळ घेऊन माफी मागितली. उद्या त्याच्या प्रत्येक खडूवर रंगाचं नाव लिहून चिकटवायचंय, आणि त्याच्या आईला भेटायचंय.