आठच्या आत उठला, पण कॉर्नर चुकला

मी जनरल फिजिशियन, दवाखाना छोटाच, पण गेली बारा वर्षं बॉक्सिंगच्या स्पर्धांना रिंगसाइड डॉक्टर म्हणून जातोय. मानधन नावापुरतं असतं आणि दोन-तीन दिवस दवाखाना बंद ठेवावा लागतो, तरी जातो कारण हा खेळ मला मनापासून आवडतो. आज जे सांगतोय ते 2019 च्या उन्हाळ्यातलं आहे, आपल्या राज्यातलीच एक स्पर्धा, शेवटचा दिवस, आणि शेवटची फायनल 91 किलोच्या वरची.

आपल्याकडे या वजनात पोरं कमीच. तेव्हा 52 आणि 57 किलोला नावांची रांग लागायची आणि सुपर हेवीला, म्हणजे या सगळ्यात वरच्या गटाला, मोजून चार-पाच जण, त्यातले निम्मे तालमीतून आलेले, लंगोट सोडून ग्लोव्हज घातलेले. पण गर्दी याच बाउटला, म्हणजे लढतीला, होते. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती.

निळ्या कॉर्नरचा पोरगा विशीतला, 104 किलो, मान अशी की कॉलरचं बटण कधी लागलंच नसेल. लाल कॉर्नरचा त्याच्यापेक्षा हलका पण हात वेगवान. सीनियर पुरुषांना 2013 पासून हेडगार्ड नाही, त्यामुळे चेहरा स्पष्ट दिसतो आणि डॉक्टरला तेवढं एक बरं पडतं. पहिला राउंड निळ्याचाच झाला. दुसऱ्यात मिनिटभर उरलं असेल, तो जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारून हात खाली घेऊन परत येत होता आणि लाल पोराचा उजवा हात त्याच्या हनुवटीच्या कडेला बसला. फार जोरात वाटला नाही हो. पण हनुवटीच्या टोकाला लागलं की डोकं झटक्यात गरकन फिरतं, आतला मेंदू त्या वेगाने फिरताना ताणला जातो आणि पायांना जाणारा निरोप क्षणभर तुटतो. म्हणून हेवीवेट गडी मागे फेकला जात नाही, जागच्या जागी खाली बसतो. तोही तसाच बसला, दातांवरचं गमशिल्ड अर्धं बाहेर.

रेफ्रीने काउंट, म्हणजे दहापर्यंत आकडे मोजणं, सुरू केला, चारला पोरगा उभा. आमच्याकडे लगेच उठलात तरी आठपर्यंत काउंट होतोच, तो झाला, रेफ्रीने ग्लोव्हज पुसले, डोळ्यात बघितलं, पोराने हात वर धरले, बॉक्स! हॉलमध्ये जो आवाज झाला तो विचारू नका. आणि गडी लढला बरं का, उरलेला राउंड त्याने समोरच्याला मिठी मारत, रोपला टेकवत काढला.

बेल वाजली आणि तो लाल कॉर्नरकडे चालायला लागला.

दोनच पावलं. त्याच्या कोचने हाक मारली तसा वळला, लोक हसले, कोणाला काही वाटलं नाही. मी मात्र खुर्चीवरून उठलो, रेफ्रीला खूण केली आणि रिंगच्या कडेवर चढलो. मध्ये एकच मिनिट असतं. स्टुलावर बसलेल्या पोराला विचारलं, बाळा, नाव सांग. सांगितलं. गाव? सांगितलं. आता कितवा राउंड झाला? म्हणाला, "पहिला." बोट डोळ्यांसमोरून फिरवलं तर नजर बोटाच्या मागे अडखळत येत होती. मी रेफ्रीकडे बघून मान हलवली आणि बाउट थांबली.

मग जे व्हायचं ते झालं. शिट्ट्या, आरडाओरडा, कोच माझ्या अंगावर आला, "डॉक्टरसाहेब, आठच्या आत उठला ना तो! जिंकत होता पोरगा!" आणि पोरगा स्वतः, डोळ्यात पाणी, मला म्हणाला, "सर, फ्युरी पण उठला होता."

त्या वर्षी सगळ्या पोरांच्या मोबाइलमध्ये तो व्हिडिओ होता. 1 डिसेंबर 2018, लॉस एंजेलिसचं स्टेपल्स सेंटर, डिऑन्टे वाइल्डर विरुद्ध टायसन फ्युरी. 9व्या राउंडला फ्युरी एकदा खाली जाऊन उठला होताच, आणि 12व्याला वाइल्डरचा उजवा आणि पडता पडता डावा हुक असा बसला की सहा फूट नऊ इंचाचा माणूस पाठीवर सपाट. वाइल्डर तर नाचायलाच लागला. रेफ्री जॅक रीसने तिथेच हात हलवून फाइट संपवली असती तरी कोणी फार बोललं नसतं, पण तो खाली वाकून काउंट करत राहिला, आणि अर्धा काउंट उलटल्यावर फ्युरी हलला, दहाच्या आत उभा! नुसता टिकला नाही, शेवटी शेवटी वाइल्डरलाच मागे ढकलत होता. फाइट ड्रॉ झाली. मीही तो व्हिडिओ पन्नास वेळा पाहिलाय, खोटं कशाला बोलू, अंगावर काटा येतो.

हेवीवेटचा इतिहासच असा पडून उठणाऱ्यांचा आहे. 1979 मध्ये लॅरी होम्सला अर्नी शेव्हर्सने 7व्या राउंडला असा आपटला की संपलंच वाटलं, होम्स उठला आणि 11व्याला जिंकला. 2017 ला वेम्बलीत अँथनी जोशुआ 6व्याला व्लादिमिर क्लिचकोसमोर पडला आणि 11व्याला त्यालाच हरवलं. या वजनाला वर मर्यादा नाही, एकेका पंचामागे शंभर-सव्वाशे किलो असतात, त्यामुळे भलेभले पडतात. जॉर्ज चुवालोसारखा एखादाच, जो अली, फ्रेझर, फोरमन सगळ्यांशी लढला आणि 93 फाइट्समध्ये एकदाही खाली गेला नाही.

पण मला त्या क्षणी आठवला तो जुना हेवीवेट चॅम्पियन फ्लॉइड पॅटरसन. जून 1959, यांकी स्टेडियम, इंगेमार योहान्सनने त्याला तिसऱ्या राउंडमध्ये सात वेळा पाडलं, एकाच राउंडमध्ये सात वेळा, आणि तो उठत राहिला, शेवटी रेफ्रीनेच थांबवलं. पुढच्याच वर्षी त्याने योहान्सनला हरवून टायटल परत मिळवलं, हेवीवेटचं गेलेलं टायटल परत मिळवणारा पहिलाच. ही गोष्ट प्रत्येक कोच पोरांना सांगतो. पुढची गोष्ट कोणी सांगत नाही. 1998 मध्ये पॅटरसन न्यूयॉर्कच्या बॉक्सिंग कमिशनचा प्रमुख होता, एका खटल्यात जबानी देताना त्याला आपण कोणाला हरवून चॅम्पियन झालो तेच आठवेना. आर्ची मूर. आयुष्यातली सगळ्यात मोठी रात्र, आणि ते नाव नाही. त्याने पद सोडलं. कुठल्या पंचाने काय नेलं ते कोणीच सांगू शकत नाही, पण मला ते फार लागलं होतं वाचताना.

तर हे सगळं त्या पोराला तिथे कसं सांगणार. त्याला आतल्या खोलीत नेलं, बर्फ दिला, बसवलं. अर्ध्या तासाने बाहेर बक्षीस समारंभाचा माइक चालू झाला तसा तो उठून बसला आणि एकदम शांतपणे म्हणाला, "सर, माझी फायनल किती वाजता आहे?" मी सांगितलं, झाली. हो हो म्हणाला. पाच मिनिटांनी परत तेच, त्याच आवाजात, "सर, माझी फायनल किती वाजता आहे?" मग उलटी झाली. मघाशी माझ्यावर धावून आलेला कोच दारात उभा होता, त्याने हे ऐकलं आणि काही न बोलता जाऊन गाडी काढली. रात्री सीटी स्कॅन केलं, देवाच्या दयेने रक्तस्राव नव्हता, कन्कशन होतं, म्हणजे मेंदूला बसलेला धक्का. किमान तीस दिवस रिंग बंद, डोकं दुखायचं थांबेपर्यंत सरावही नाही.

आता जे मला खरं सांगायचंय ते. आदल्या संध्याकाळी, सेमीफायनलनंतर, हाच पोरगा माझ्या टेबलाशी आला होता. "सर, डोकं दुखतंय, गोळी द्या ना." रांग होती, कोणाच्या भुवईला टाके घालायचे होते, मी पॅरासिटामॉल काढून हातावर ठेवली आणि पुढच्याला बोलावलं. का दुखतंय, कधीपासून दुखतंय, पंच लागला का, एक अक्षर विचारलं नाही. स्कॅनचा रिपोर्ट यायची वाट बघत बाकावर बसलो होतो तेव्हा ते आठवलं. म्हणजे बहुतेक पहिला मार आदल्या दिवशीच लागला होता, आणि तो भरायच्या आत मी त्याला फायनलला जाऊ दिलं. लोक म्हणतात तुम्ही वेळेवर थांबवलंत. मी एक दिवस उशिरा थांबवलं.

तेव्हापासून स्पर्धेत डोकेदुखीची गोळी मागायला येणाऱ्याला मी आधी बसवतो, मागे कितीही रांग असो.

दीड महिन्याने तो फिटनेसच्या सर्टिफिकेटसाठी दवाखान्यात आला, एका रेषेत पाऊल जोडून चालवलं, उलटे महिने म्हणायला लावले, सगळं चोख. जाताना फोन काढून म्हणाला, सर तुम्हाला फ्युरीचं पटत नाही ना. मी म्हटलं लाव, आणि फ्युरी उभा राहतो तिथे थांबवायला सांगितलं. तिथून रीस त्याला बाजूला चालत जाऊन परत यायला सांगतो, ते कोणी बघत नाही. फ्युरी गेला आणि सरळ परत आला. पोराने तेवढाच तुकडा दोनदा बघितला. मग स्वतःहून आपल्या फायनलचा व्हिडिओ लावला, मित्राने काढलेला, पडला तिथे नाही, बेल वाजते तिथे. स्वतःला लाल कॉर्नरकडे जाताना बघत राहिला.

"सर, हे मला आठवतच नाही."