लागण

घरी आईला मी ‘औषधी वनस्पतींच्या कंपनीत आहे’ असं सांगून ठेवलं होतं. आप्पांना खरं माहीत होतं, पण पारावर कुणी विचारलं की तेही ‘पोरगं कॅनडात ग्रीनहाऊसला हाय’ एवढ्यावर भागवायचे. तासगाव तालुक्यातल्या द्राक्षबागायतदारानं, पोरगं सातासमुद्रापार गांजाची रोपं लावतंय, हे कुठल्या तोंडानं सांगावं?

तिथं मात्र त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. कॅनडानं १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर केला आणि परवानाधारक कंपन्या उघडपणे तो पिकवत होत्या. ऑन्टारियोच्या दक्षिण टोकाला, ईरी सरोवराच्या काठावर लेमिंग्टन नावाचं गाव आहे. टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरचीच्या काचघरांनी वेढलेलं. त्यातल्या काही काचघरांत टोमॅटो जाऊन गांजा आला. आमची जागा त्याच भागात होती, पण काचघर नव्हे. बिनखिडक्यांची, गोदामासारखी इमारत. वाढीच्या खोल्यांत १८ तासांचा दिवस आणि ६ तासांची रात्र. बाहेर बर्फ पडो नाहीतर ऊन, आतलं घड्याळ हलायचं नाही.

गोष्ट एप्रिल २०२२ ची. सकाळी सहाला कपडे बदलले, डोक्याला जाळी आणि हातात मोजे घातले, जंतुनाशकाच्या पाण्यात बूट बुडवून आत गेलो, तर तिघं जण आजारपणामुळे आलेलेच नाहीत. फळ्यावर काम दोन खोल्यांचं. एकीत लागण करायची, दुसरीत शेंडे मारायचे. हाताशी माणसं तीन. मी, मेक्सिकोची एक पन्नाशीतली बाई (तिला सगळे सेन्योरा म्हणायचे, मीही) आणि एक कॉलेजचा पोरगा, जो लागण झाल्यावर दुसरीकडे जाणार होता.

लागण म्हणजे चार इंची कुंडीतली रोपं साडेसात लिटरच्या पिशवीत हलवायची. पिशवीत माती नाही, नारळाच्या काथ्याचा भुसा. गोणीवर तमिळनाडूचा छाप होता. पहिल्या दिवशी तो पाहून मला उगाच बरं वाटलं होतं, चला, आपल्या बाजूचं कुणीतरी आहे. हे काम मला मनापासून आवडायचं, कारण त्यात घाई चालत नाही. आदल्या संध्याकाळी रोपाला पाणी दिलेलं असावं, पण ते गळत नसावं. आपल्याकडे ज्याला वाफसा म्हणतात तो हवा. इथं वाफसा बोटानं बघत नाहीत, कुंडी उचलून वजनावरून ओळखतात. मग खोड तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात धरायचं, कुंडी उलटी करायची, तळाला एक टिचकी. मुळांचा गोळा अख्खा हातात आला पाहिजे. बाहेरून पांढरी मुळी जाळ्यासारखी फिरलेली दिसली की समजायचं, रोप हलवायला झालंय. ‘पांढरी मुळी चालू हाय का?’ हा आप्पांचा बागेत शिरतानाचा पहिला प्रश्न असायचा. इथं त्याच प्रश्नासाठी कागद भरावा लागायचा, एवढाच फरक. गोळा फुटला तर रोप रुसतं आणि आठवडा घालवतं. उशीर झाला असेल तर मुळ्या तळाशी वेटोळं घालतात, त्या बोटांनी हलक्या मोकळ्या कराव्या लागतात. भुसा दाबायचा नाही, नुसता बसवायचा. मग कडेनं साधारण ५.८ सामूचं (पीएचचं) खताचं पाणी. दोन दिवस दिवे मंद आणि हवेत ओलावा जास्त. तिसऱ्या दिवशी पानं आडवी न राहता थोडी वर उचललेली दिसली की रोप धरलं.

साडेअकरापर्यंत आम्ही ६४० रोपं हलवली. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. मी वीस मिनिटांत परत.

शेंड्यांच्या खोलीत चार टेबलं, दर टेबलावर १०४ रोपं. आठवड्यापूर्वी लावलेली, सहा-सात पेरांची. शेंडा असतो तोवर झाडाचा सगळा जोर वर असतो. शेंड्यातून खाली येणारं संप्रेरक बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा काढला की बगलफुटी उसळतात. मग मऊ तारेनं त्या फांद्या बाहेर ओढायच्या आणि सगळ्या एका उंचीवर आणायच्या, कारण दिवा डोक्यावर ठरावीक अंतरावर असतो, सूर्यासारखा फिरत नाही. शेतकीच्या पुस्तकात याला ‘वळण देणं’ म्हणतात. द्राक्षाच्या खरड छाटणीनंतर, म्हणजे एप्रिलमधल्या छाटणीनंतर, सात पानांवर शेंडा मारून सबकेन (बगलेतून फुटणारी उपकाडी) काढणाऱ्या घरात वाढल्यावर यातलं मला नवं काय वाटणार? सुपरवायझरनं दाखवायच्या आधीच मी दोन रोपं करून मोकळा झालो होतो.

इथं एक गंमत सांगायला हवी. आपल्याकडच्या १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे फुललेला किंवा फळं धरलेला शेंडा. त्याच्याशिवायची नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणजे मी बादलीभर शेंडे खुडत होतो आणि त्यातला एकही आपल्या कायद्याच्या अर्थानं गांजा नव्हता. (यावरून कुणी परसात रोप लावू नये. परवान्याशिवाय झाड लावणं हाच आपल्याकडे गुन्हा आहे.)

नवं होतं ते कात्रीचं. दर माणसाला दोन कात्र्या आणि ब्लीच घातलेल्या पाण्याची एक बरणी. एका कात्रीनं एकच रोप कापायचं, ती बरणीत टाकायची, दुसरी उचलायची. पुढच्या रोपाला पुन्हा अदलाबदल. कारण हॉप लेटंट व्हायरॉइड. बिअरमध्ये घालतात ते हॉप्स आणि गांजा एकाच कुळातले. हॉप्समधला हा रोग २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गांजात सापडला. व्हायरॉइड हा विषाणूपेक्षाही फाटका प्रकार आहे. विषाणूला निदान प्रथिनाचं कवच तरी असतं. हा म्हणजे आरएनएचं उघडं कडं, या रोगात अवघ्या २५६ अक्षरांचं. १९७१ मध्ये थिओडोर डायनर यांनी बटाट्यात असा पहिला जीव दाखवून दिला. जीव म्हणावा का, हाही प्रश्नच. रोप लहान असताना बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. फुलोऱ्याला आलं की खोड ठिसूळ, पेरं आखूड, फुलं बारकी आणि त्यावरच्या राळेच्या ग्रंथी कमी. तोवर त्याच झाडाची शेकडो कटिंग्ज काढून झालेली असतात. एका झाडाचा रस दुसऱ्याला लागला की झालं, आणि रस पोचवायला कात्रीसारखं वाहन नाही. अल्कोहोलनं हा मरत नाही, ब्लीच लागतो. ब्लीच लोखंड खातो, कात्री महिन्याभरात गंजते, धार जाते, बोटं दुखतात. शिवाय पाल्याचा रस मिसळला की ब्लीचचं पाणी निकामी होतं, म्हणून तेही सारखं बदलायचं.

पहिलं टेबल मी नियमानं सुरू केलं. साठेक रोपांनंतर बरणीतलं पाणी हिरवट, गढूळ झालं. नळ खोलीच्या दुसऱ्या टोकाला. घड्याळात पावणेदोन, चारच्या आत चारही टेबलं संपवायची होती. म्हटलं, हे टेबल संपल्यावर बदलू. मग हात लागला. हात लागल्यावर माणूस कसा वाहवतो ते छाटणी केलेल्याला सांगायला नको. दर रोपाला बदलायची ती कात्री मी दर रांगेला बदलायला लागलो, आणि दुसऱ्या टेबलावर कधी बदलली ते मला आज शपथेवरही सांगता येणार नाही. पलीकडे सेन्योरा. कच्, कात्री बरणीत, दुसरी कात्री, कच्. मध्येच मोजे बदलायला गेली. मधूनच बरणी धुवायला गेली. मी दुसरं टेबल अर्ध्यावर आणलं तरी ती पहिल्यावरच.

“सेन्योरा, रात्री इथंच झोपणार का?” मी विचारलं. ती हसली आणि काही बोलली नाही.

साडेतीनला गुणवत्ता विभागाची मुलगी दारात. पूर्ण पोशाखात होती, म्हणजे सहज आली नव्हती. सात नंबरच्या मदरच्या मुळांचा नमुना पॉझिटिव्ह आला होता. मदर म्हणजे जिच्यापासून कटिंग्ज काढतात ते झाड. सात नंबर दिसायला सगळ्यांत धट्टीकट्टी, आम्ही तिचं कौतुक करायचो. सकाळच्या ६४० मध्ये तिची पोरं नव्हती. पण या खोलीत माझं पहिलं टेबल आणि सेन्योराचं पहिलं टेबल, दोन्ही सात नंबरची. दोघांचं दुसरं टेबल अकरा नंबरचं, आणि अकरा नंबरचा अहवाल स्वच्छ होता.

“कात्री दर रोपाला बदललीस?” तिनं आधी मला विचारलं.

“हो.”

शब्द विचार न करताच निघून गेला. तिनं लिहून घेतलं. मग सेन्योराला विचारलं. ती ‘सी, सी’ म्हणाली आणि बरणी वर करून दाखवली, पाणी आरपार दिसत होतं. माझी बरणी टेबलाखाली होती.

“आणि यानं?” त्या मुलीनं विचारलं.

सेन्योरानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. “त्यालाच विचार ना,” म्हणाली. “मी माझं टेबल बघत होते.”

एवढंच. चहाडी नाही, पांघरूणही नाही. ती मुलगी निघून गेली. मी उरलेल्या फांद्यांना तारा बांधत बसलो आणि मनातल्या मनात हिशेब घालत राहिलो. हे रोप महिनाभर काही दाखवणार नाही. फुलोऱ्याला गेल्यावर माल कमी भरला, तर खत, दिवे, पाणी, कशावरही ढकलता येईल. माझं नाव यायचं कारणच नाही. हिशेब बरोबर होता. तो इतका बरोबर आलेला बघून मला घाम फुटला. अकरा नंबरची ही १०४ रोपं इथून मोठ्या खोलीत गेली, तर तिथं दुसऱ्या कुणाच्या तरी कात्रीला लागणार होती, बहुतेक सेन्योराच्याच.

वीस मिनिटांनी बरणी घेऊनच गुणवत्ता विभागाच्या त्या मुलीच्या टेबलापाशी गेलो. इंग्रजीत मला नीट वाक्यही जुळवता आलं नाही. बरणी पुढं ठेवली. तिनं आत पाहिलं आणि मघाचा कागद पुन्हा काढला.

“कुठल्या रोपापासून?”

“पहिल्या टेबलाच्या साठेक रोपांपासून पुढं सगळी.”

“दुसरं टेबल पूर्ण?”

“पूर्ण.”

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. लेखी ताकीद मिळाली, ती रास्तच होती. एक गोष्ट मात्र मला आजही पटत नाही. सहा जणांचं काम तिघांवर टाकणारा फळा सकाळी कुणी लिहिला, ते त्या कागदात कुठंच आलं नाही. पण हे म्हणायची माझी पाळी नव्हती, कारण त्याच फळ्याखाली सेन्योराही उभी होती.

दुसऱ्या दिवशी नाश. माझी दोन टेबलं आणि सेन्योराचं एक, मिळून ३१२ रोपं. तिचं अकरा नंबरचं टेबल वेगळ्या खोलीत ठेवलं, तपासणी होईपर्यंत. गांजाचं रोप तिथं नुसतं उपटून फेकता येत नव्हतं. दर रोपाच्या चिठ्ठीचा नंबर नोंदवायचा, वजन करायचं, यंत्रात चुरा करायचा आणि वापरलेल्या भुशात असा कालवायचा की पुन्हा कुणाच्या कामाला येऊ नये. हे सगळं कॅमेऱ्यासमोर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी. पिशव्या उलट्या करायचं काम माझ्याकडं आलं. आठवड्याभरात पांढरी मुळी पार कडेला टेकली होती. एकही गोळा फुटला नाही, इतकी लागण छान झाली होती.

तीन आठवड्यांनी सेन्योराचं ते टेबल निगेटिव्ह आलं. माझ्या दुसऱ्या टेबलाचं काय आलं असतं ते कळायला मार्ग नव्हता. ती रोपं केव्हाच भुशात मिसळली होती.

आप्पांना फोन केला तो नाशानंतरच्या सकाळी, गाडीत बसूनच. माझे साडेपाच म्हणजे तिकडं दुपारचे तीन. ते बागेतच होते, खरड छाटणी चालू होती. पलीकडून कात्र्यांचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं, खोटं बोललो तेही.

“किती झाडं गेली?”

“माझी दोनशे आठ.”

“आन् कात्री कशात बुडवायची म्हणालास?”

“ब्लीचमध्ये.”

“दर झाडाला?”

“दर झाडाला.”

आप्पा थोडा वेळ काही बोलले नाहीत. कात्र्या वाजत राहिल्या. मग त्यांनी फोन तोंडापासून लांब धरला असावा, कारण आवाज दुरून आला. टोळीच्या मुकादमाला विचारत होते,

“काल कुणाच्या बागंत हुता रं तुम्ही?”