स्वस्तातला बेस, साठच्या दशकातला आवाज

स्वस्तातल्या बेस गिटारमधून मला कुठला आवाज काढायचा होता ते आधी सांगतो. अमेरिकेत डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत साठच्या दशकात बेसवादक जेम्स जेमरसन वाजवत, तो. 1962 सालचा फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस, त्यावर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड तारा, तारा बॉडीवर जिथे टेकतात त्या ब्रिजवर स्टीलचं झाकण, झाकणाखाली फोम आणि उजव्या हाताची एकटी तर्जनी. तार तुटेपर्यंत ते ती बदलत नसत. त्यांचा सूर गोल आणि भरीव उमटतो, किक ड्रमला धरून चालतो आणि पुढच्या सुराला जागा देऊन थांबतो. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदातल्या टोनी वाझ यांचा बेस ऐकत वाढलेल्या माझ्या कानाला हे थांबणं फार प्रिय आहे. नव्या बेसवर नव्या तारा चढवल्या की सूर पियानोसारखा लखलखत राहतो. छान वाटतो, पण जुनं गाणं त्यात बसत नाही.

त्या काळातला खरा प्रिसिजन आज लाखो रुपयांचा. म्हणून मी स्क्वायरचा, म्हणजे फेंडरच्याच स्वस्तातल्या ब्रँडचा, सनबर्स्ट रंगातला साधा प्रिसिजन घेतला. मूळ आराखडा लिओ फेंडर यांचा, 1951चा. पिकअप म्हणजे तारांचं कंपन पकडणारा, चुंबक आणि कॉइलचा भाग. दोन तुकड्यांचं स्प्लिट-कॉइल पिकअप 1957मध्ये आलं आणि तेव्हापासून या बेसचं रूप फारसं बदललेलं नाही. चौतीस इंचांची स्केल, म्हणजे तारेची वाजती लांबी, तीच, एक व्हॉल्यूमचं आणि एक टोनचं बटणही तेच. त्यामुळे स्वस्त प्रिसिजनचा सांगाडा मूळचाच असतो. फरक पडतो तो तारांत, पिकअपच्या चुंबकात आणि वरच्या साजात, आणि हे तिन्ही बदलता येतं.

कामाला हात लावण्याआधी मी एक नेम ठरवला. एकच छोटी ओळ, बेस कॉम्प्युटरला जोडणाऱ्या त्याच इंटरफेसमधून, त्याच लेव्हलवर प्रत्येक बदलानंतर रेकॉर्ड करायची. आपण पैसे खर्च केले की कान आपल्या बाजूने बोलायला लागतात. रेकॉर्डिंग तसं करत नाही.

पहिला बदल तारांचा, आणि बाकी काहीच करायचं नसेल तरी एवढा कराच. साध्या राउंडवाउंड तारेवर गोल वायर गुंडाळलेली असते. फ्लॅटवाउंडवर चपटी पट्टी असते, त्यामुळे बोट घासल्याचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो आणि वरच्या पट्टीतली चमक लवकर विझते. जेमरसन यांच्या तारा 52 ते 110 गेजच्या होत्या, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेली जाडी. त्या भयंकर ताणाच्या असतात आणि नेकच्या वरच्या टोकाच्या पट्टीच्या, म्हणजे नटच्या, खाचाही रुंद कराव्या लागतात, म्हणून मी 45 ते 105चा फ्लॅटवाउंड सेट घेतला. तरीही ताण वाढतोच आणि नेक पुढे वाकते. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावायचा, शेवटच्या फ्रेटवर तार दाबायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट बघायची. साधारण 0.3 मिलिमीटर, म्हणजे जाडसर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली लोखंडी सळई, पाव फेरा घट्ट करायचा, काही तास थांबायचं आणि परत मोजायचं. जुन्या फेंडरमध्ये ट्रस रॉडचं तोंड नेकच्या बुडाशी असे, त्यासाठी नेक सैल करावी लागे. आताच्या बेसमध्ये ते वर, खुंट्यांच्या हेडस्टॉकपाशी असतं. इथे नवं तेच बरं.

दुसरा बदल फोमचा, आणि तो जवळपास फुकटात झाला. सोफे दुरुस्त करणाऱ्याकडून मऊ फोमची पट्टी आणली आणि ब्रिजजवळ तारांखाली सरकवली. कडक फोम सूर मारून टाकतो, मऊ फोम त्याला फक्त आवरतो. त्या काळात फेंडर ब्रिजच्या झाकणाच्या आतच फोम चिकटवून देत असे. बहुतेक वादक झाकण काढून टाकत आणि त्याबरोबर फोमही जाई. मी झाकण आणि पिकअपवरचं कव्हर दोन्ही बसवले. त्यामुळे हात आपोआप नेककडे सरकतो, आणि आवाज तिथेच गोल निघतो. दिसण्यासाठी आणलेली वस्तू वाजवण्याची जागा बदलते, हे मला या सगळ्यात फार आवडलं.

मग पिकअप. या किमतीच्या बेसमध्ये सहसा लोखंडी पोल आणि त्यांच्या बुडाशी चिकटवलेली सिरॅमिक चुंबकाची पट्टी असते. जुन्या पद्धतीत पोल स्वतःच अल्निको या मिश्रधातूच्या चुंबकाचे असतात आणि त्यांच्याभोवती 42 एडब्ल्यूजीच्या, म्हणजे अमेरिकी मापातल्या, तारेचे सुमारे दहा हजार वेढे. माझी जुन्या पिकअपवरच नवी कॉइल गुंडाळायची फार इच्छा होती. कुणाला करायचं असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात तार एसडब्ल्यूजीमध्ये, म्हणजे ब्रिटिश मापात, मोजतात. 42 एसडब्ल्यूजी तार 0.1 मिलिमीटरची असते, आपल्याला 0.063च्या आसपासची हवी. म्हणजे मागायची 46 एसडब्ल्यूजी. पण चुंबक तर सिरॅमिकच राहणार होतं, म्हणून शेवटी अल्निको 5चं तयार पिकअप मागवलं.

बाकी सामान पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळालं: सोल्डर, वायर आणि 0.1 मायक्रोफॅरॅडचा पॉलिएस्टर कपॅसिटर, ज्याच्यावर 104 छापलेलं असतं. साठच्या सुरुवातीपर्यंतच्या प्रिसिजनमध्ये हीच किंमत असे, पुढे ती 0.05वर आली. तेलातल्या कागदाचे महागडे कपॅसिटर घेऊ नका. टोनच्या सर्किटमध्ये किंमत मोजायची ती मायक्रोफॅरॅडची, वेष्टनाची नव्हे. व्हॉल्यूम आणि टोनच्या बटणांखालचे पॉट 250 किलोओहमचे, मोठ्या अंगाचे घेतले. त्यांचा दांडा आणि गळा जाड असतो, त्यामुळे पिकगार्डची, म्हणजे बॉडीवरच्या प्लॅस्टिकच्या पत्र्याची, भोकं रीमरने हळूहळू मोठी करावी लागतात. थेट ड्रिल घातलं तर प्लॅस्टिक तडकतं. पॉटच्या पाठीवर ग्राउंड जोडताना सोल्डरिंगची इस्त्री चांगली तापलेली हवी. कमी तापलेली इस्त्री टेकवून ठेवण्यापेक्षा गरम इस्त्रीने पटकन काम उरकलेलं पॉटला मानवतं. ब्रिजखालून येणारी ग्राउंडची वायर विसरायची नाही. तिच्यामुळे तारा ॲम्पच्या अर्थिंगशी जोडल्या जातात, म्हणून आपल्या घरातल्या प्लगला खरंच अर्थिंग आहे का तेही इलेक्ट्रिशियनकडून एकदा बघून घ्या. जुन्या इमारतींमध्ये तिसऱ्या पिनच्या मागे काहीच नसतं असं मी पाहिलं आहे.

रूपाचं काम मी दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर काढलं, कारण त्यात चपडा, म्हणजे पॉलिशची लाख, होता. स्वस्त बेसची मेपल नेक फिकट, जवळजवळ पांढरी असते. जुन्या नेकवरचं नायट्रोसेल्युलोज लॅकर वर्षानुवर्षांनी मधाच्या रंगाचं होतं. तो रंग लाखेत आयताच असतो. आमच्याकडे फर्निचरचं काम करणाऱ्या सुतारकाकांना विचारलं, तर म्हणाले, "चपडा रात्री स्पिरिटमध्ये भिजत टाका, सकाळी ढवळू नका. वरचं निवळ तेवढं घ्या. खाली मेण बसतं." शंभर मिलिलिटर स्पिरिटला दहा-बारा ग्रॅम चपडा, इतकं पातळ. नेकवरचं मूळ फिनिश बारीक वॉटर पेपरने नुसतं खरवडलं, पुसून कोरडं केलं आणि सुती कापडाच्या बोळ्याने लांब हात मारत गेलो. एक हात फिरला की त्यावर लगेच परत जायचं नाही, आधीचा थर उचलला जातो. पावसाळ्यात हे काम करू नये. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतलं पाणी बसतं आणि पॉलिशवर पांढुरकी धुरी येते. शेवटी मेण लावलं, कारण घामाचा हात लाखेला त्रास देतो.

फ्रेटबोर्डची गोष्ट मला वेगळ्या कारणाने जवळची वाटते. 2017च्या जानेवारीत शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आले, तेव्हा अनेक गिटार कंपन्या इंडियन लॉरेलकडे वळल्या. स्क्वायरच्या कितीतरी बेसवर ते लाकूड असतं, माझ्याही. इंडियन लॉरेल म्हणजे आपला ऐन. सह्याद्रीत ज्याची सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल बघून आपण झाड ओळखतो, तोच. शिसवापेक्षा तो फिका आणि कोरडा दिसतो. जवसाचं तेल अगदी पातळ लावून, थोड्या वेळाने पुसून घेतलं की दाणा खोल होतो आणि शिसवाच्या जवळ जातो. तेलाची फडकी मात्र चुरगळून टाकू नका. सुकताना ती आपोआप तापतात आणि पेटूही शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

पिकगार्ड कासवाच्या कवचाच्या नक्षीचं घेतलं. अशी जुनी पिकगार्ड सेल्युलॉइडची असत, ती आक्रसत आणि कडेला फाटत. आताची पीव्हीसीची सपाट राहतात. स्क्रूची भोकं जुळली नाहीत, पण हे अपेक्षितच असतं. जुनी भोकं टूथपिक आणि फेव्हिकॉलने बुजवली, नवी पाडली. बॉडीची चकाकी 0000 नंबरच्या स्टील वूलने थोडी उतरवली. हे पिकअप बसवण्याआधीच करायचं, नाहीतर लोखंडाचा चुरा चुंबकाला चिकटतो आणि मग निघत नाही.

बॉडीवर ओरखडे काढायचे नाहीत, रंग खरवडून लाकूड उघडं करायचं नाही, हे मी पहिल्यापासून ठरवलं होतं. त्या खुणा एखाद्याने आयुष्यभर वाजवून कमावलेल्या असतात. रंग जुना वाटला, साहित्य जुन्या पद्धतीचं असलं, की माझं समाधान आहे. पुढच्या खुणा माझ्या हाताने पडतील.

सगळी रेकॉर्डिंग ओळीने ऐकली, तेव्हा सर्वांत मोठी उडी तारांची होती, तिच्या मागोमाग फोमची. पिकअपने मधल्या पट्टीत एक उबदार खरखर आणली. ती स्पष्ट ऐकू येते, पण तिसऱ्या क्रमांकावर. कपॅसिटरचा फरक टोन बराच खाली आणल्यावरच कळतो. नेक आणि पिकगार्डने रेकॉर्डिंगमध्ये काही बदललं नाही. पण बेस हातात घेतल्यावर मी आता कमी सूर वाजवतो, आणि हे चांगलं आहे.

आमच्या जुन्या गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात हाच बेस असतो, टोन अर्ध्यावर, फोम जागेवर. अंगठ्याने तारांवर आपटत स्लॅप वाजवायचं असेल, मोठ्या स्टेजवर हेवी गिटारच्या भिंतीतून बेस बाहेर काढायचा असेल, तर हा बेस उपयोगाचा नाही. त्यासाठी राउंडवाउंड तारांचा दुसरा ठेवा. या तारा सारख्या काढघाल करण्यासाठी नसतात, आणि जुन्या होतील तशा त्या आणखी चांगल्या वाजतात.